अर्थापत्तीची मर्यादा : 'फायर एम्ब्लेम' खेळमालिका आणि तिच्या चाहत्यांचे तर्कवाचन

१

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागात तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळ हे देवीचे मंदिर आहे. दक्षिण दिग्विजयाच्या काळात, ३ ऑक्टोबर १६७७ रोजी, छत्रपती शिवाजी महाराज येथे दर्शनास आले होते अशी या मंदिराची परंपरा आहे. महाराज वेषांतर करून आले, असेही ती परंपरा सांगते. याच भागाच्या समुद्राकडील कडेला, राजाजी सालै या रस्त्यालगत, बर्मा बाजार पसरलेला आहे. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांसाठी १९६९ मध्ये तो वसला आणि परदेशी वस्तू, इलेक्ट्रॉनिक उपकरणे, पुढे चित्रपटांच्या व संगणकीय खेळांच्या चकत्या यांसाठी प्रसिद्ध झाला. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मंदिरात इतिहासाने न सांगितलेला एक प्रसंग परंपरेने सांगितला आहे. बाजारात दूरदेशीच्या कथा अधिकृत वाटा सोडून, पुष्कळदा मागील-पुढील भागाविना हाती पडत आल्या आहेत. संहितेने जे सांगितलेले नाही ते वाचकाने सांगावे काय, आणि सांगावयाचे तर कशाच्या आधारे, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच उभा राहतो.

या प्रश्नाचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी आजवर प्रामुख्याने महाकाव्य, कादंबरी आणि नाटक यांच्या संदर्भात केला. रोमान इनगार्डेन यांनी १९३१ मध्ये साहित्यकृतीतील अनिश्चित जागांची संकल्पना मांडली. व्होल्फगांग ईझर यांनी १९७० च्या दशकात तिला वाचनप्रक्रियेच्या सिद्धान्ताचे रूप दिले. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो व त्या भरण्यातूनच अर्थ सिद्ध होतो, हे आता तौलनिक साहित्याभ्यासात सर्वमान्य झालेले आहे. मात्र रिकामी जागा भरण्याच्या सर्व कृती एकाच प्रकारच्या व एकाच मोलाच्या नसतात, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हा भेद स्पष्ट करण्यासाठी 'फायर एम्ब्लेम' या जपानी खेळमालिकेचे चाहते आणि त्यांची तर्कचर्चा हे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. या मालिकेत रिकाम्या जागा विपुल आहेत, त्या विविध कारणांनी निर्माण झालेल्या आहेत, आणि त्या भरणारा वाचकवर्ग तीन दशकांहून अधिक काळ अत्यंत चिकाटीने ते काम करीत आला आहे.

२

'फायर एम्ब्लेम' मालिकेचा पहिला खेळ २० एप्रिल १९९० रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. निन्टेन्डो ही प्रकाशक संस्था, इंटेलिजंट सिस्टिम्स ही निर्माती संस्था आणि शोझो कागा हे मूळ रचनाकार. खेळाचे स्वरूप बुद्धिबळासारखे चौकटींच्या पटावर सैन्य हलविण्याचे आहे. परंतु बुद्धिबळातील प्याद्याला नाव, घराणे, भूतकाळ आणि बोली नसते. येथे प्रत्येक सैनिकाला ती आहे. शिवाय दीर्घकाळ या मालिकेचा एक कठोर नियम असा राहिला, की रणात पडलेले पात्र त्या खेळापुरते कायमचे नाहीसे होते. पुढील प्रसंगांत ते बोलत नाही आणि त्याची जागा रिकामी राहते. पात्रे परत येतील असा सौम्य पर्याय २०१० पासून उपलब्ध झाला. तोवर चूक झाली तर मृत्यू स्वीकारणे किंवा तो प्रसंग पुन्हा खेळणे एवढेच बहुधा खेळाडूच्या हाती होते.

या नियमाचा वाङ्मयीन परिणाम दूरगामी आहे. कथेच्या शेवटी जिवंत राहिलेल्या प्रत्येक पात्राचे पुढे काय झाले हे दोनचार वाक्यांत सांगण्याची या मालिकेची रीत आहे. कोण राजा झाले, कोणी कोणाशी विवाह केला, कोण गावी परतून शेती करू लागले, हे त्यातून कळते. मात्र हा उपसंहार प्रत्येक खेळाडूसाठी वेगळा असतो, कारण कोण जगले आणि कोणाचा कोणाशी स्नेह जुळला हे त्याच्या खेळण्यावर अवलंबून असते. परिणामतः एकाच नावाच्या कृतीचे असंख्य पाठ सिद्ध होतात, आणि 'खरे काय घडले' असे विचारले की आधी 'कोणत्या पाठात' असे विचारावे लागते. महाभारताच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेले चिकित्सक आवृत्तीचे कार्य याच प्रश्नातून उभे राहिले होते. भेद एवढाच, की महाभारताचे पाठभेद शतकांच्या प्रवासात साचले, तर या खेळांचे पाठभेद रचनाकारांनी आरंभीच योजून ठेवले.

१९९६ मधील 'जीनिऑलॉजी ऑफ द होली वॉर' या खेळाने या योजनेला वंशकथेची जोड दिली. पूर्वार्धाचा नायक सिगर्ड आणि त्याचे सोबती विश्वासघाताने मारले जातात. उत्तरार्धात त्यांची मुले शस्त्र हाती घेतात. पूर्वार्धातील स्त्रियांचे विवाह कोणाशी व्हावेत हे बव्हंशी खेळाडू ठरवितो, आणि मुलांना लाभणारी शस्त्रे व गुण त्यावर ठरतात. एखादी स्त्री अविवाहित राहिली तर तिच्या मुलांच्या जागी दुसरीच पात्रे येतात. वंशावळ हा येथे कथेचा पूर्वपीठिकावजा भाग राहत नाही. तो व्यूहरचनेचाच भाग बनतो. हा खेळ जपानबाहेर अधिकृतपणे कधी प्रसिद्ध झाला नाही. इंग्रजी वाचकापर्यंत ही मालिका २००३ मध्ये प्रथम पोहोचली आणि तीही मधूनच, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

३

२००२ मध्ये जपानमध्ये 'द बाइंडिंग ब्लेड' प्रसिद्ध झाला. त्याचा नायक रॉय हा एलिवुड या सरदाराचा पुत्र. रॉयच्या आईचे नाव त्या खेळात कोठेही येत नाही. पुढच्याच वर्षी 'द ब्लेझिंग ब्लेड' आला. त्यात वीस वर्षे आधीची कथा असून तरुण एलिवुड हा तिचा एक नायक आहे. इंग्रजीत प्रथम आला तो हा दुसरा खेळ. त्याचा उत्तरभाग असलेला पहिला खेळ जपानमध्येच राहिला. म्हणजे जपानी वाचकाला पुत्र आधी ठाऊक होता आणि तो आईचा शोध मागे वळून घेत होता. जपानबाहेरील वाचकाला पिता ठाऊक होता, पण पुत्राची कथा त्याला तुटक भाषांतरांतून व ऐकीव माहितीतून जोडावी लागत होती. बर्मा बाजारासारख्या बाजारांतून परदेशी कथा मिळविणाऱ्या वाचकांच्या सवयीशी ही परिस्थिती जुळणारी आहे.

दुसऱ्या खेळाने पहिल्यातील मौन मोडले नाही. त्याचे विकल्पांत रूपांतर केले. एलिवुडचा विवाह लिन, निनियन किंवा फिओरा यांच्यापैकी एकीशी होऊ शकतो, आणि कोणाशीही न होता उपसंहार येऊ शकतो. रॉयची आई कोण, हा प्रश्न त्यामुळे मालिकेतील सर्वांत दीर्घायुषी तर्कविषयांपैकी एक झाला. निनियनच्या बाजूने मांडले जाणारे युक्तिवाद पाहण्यासारखे आहेत. निनियन ही अर्धी मानव व अर्धी ड्रॅगनवंशीय आहे, आणि या जगात तिच्या जातीला दीर्घायुष्य नाही अशी सूचना कथेत येते. रॉयच्या कथेत आई दिसत नाही, याची संगती त्यामुळे लागते. एलिवुड आपल्या पवित्र तलवारीने, अजाणता, ड्रॅगनरूपातील निनियनवरच वार करतो. पुढे रॉयच्या कथेत अखेरचा शत्रू हीदेखील एक ड्रॅगनकन्या आहे. विशिष्ट तलवारीने तिला पराभूत केल्यास तिचे प्राण वाचतात. पित्याच्या हातून जे घडले ते पुत्राच्या हातून टळते, असा बंध या वाचनात दिसू लागतो. विरुद्ध पक्षाचा आक्षेपही बळकट आहे : रॉयमध्ये ड्रॅगनवंशाचे एकही लक्षण पहिल्या खेळात दाखविलेले नाही.

या युक्तिवादाचे तार्किक स्वरूप मीमांसकांच्या परिभाषेत नेमकेपणाने सांगता येते. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, असे कळल्यावर तो रात्री जेवत असला पाहिजे अशी कल्पना करावी लागते. ती केली नाही तर दोन ज्ञात गोष्टींची संगती लागत नाही. या प्रमाणाला अर्थापत्ती म्हणतात. भाट्ट मीमांसकांनी तिचे दृष्टार्थापत्ती व श्रुतार्थापत्ती असे दोन प्रकार मानले. दुसऱ्या प्रकारात ऐकलेले वाक्य अपुरे ठरते आणि ते पूर्ण करणारे वाक्य गृहीत धरावे लागते. चाहत्यांचा चांगला तर्क हा श्रुतार्थापत्तीच्या जातीचा असतो. दोन संहितावाक्ये समोर असतात, त्यांच्यात विसंगती किंवा अपुरेपणा जाणवतो, आणि तो मिटविण्यापुरतेच तिसरे वाक्य योजले जाते. 'मिटविण्यापुरतेच' ही अट महत्त्वाची आहे. देवदत्त रात्री जेवतो एवढे म्हणण्याचा अधिकार अर्थापत्ती देते. तो काय जेवतो आणि कोणाच्या घरी, हे सांगण्याचा अधिकार ती देत नाही.

रॉयच्या आईविषयीचा तर्क या कसोटीवर कितपत उतरतो? आईचे नाव नसणे हा अपुरेपणा आहे, विसंगती नव्हे. निनियन ही आई मानली तर पुष्कळ गोष्टी अधिक अर्थपूर्ण होतात. परंतु लिन किंवा फिओरा मानली म्हणून कोणतीही गोष्ट अशक्य होत नाही. म्हणून हा तर्क वाचनाला समृद्ध करतो, पण निर्णयाला पोहोचत नाही. चाहत्यांपैकी जे हे ओळखतात ते 'या पाठात' असे म्हणून थांबतात. जे ओळखत नाहीत ते इतर खेळाडूंचे पाठ चुकीचे ठरवू लागतात.

मराठीत या शिस्तीचा आदर्श इरावती कर्वे यांच्या 'युगान्त' या १९६७ मधील ग्रंथात आढळतो. विदुर हा युधिष्ठिराचा पिता असावा काय, हा प्रश्न त्यांनी तेथे चर्चिला आहे. मांडव्याच्या शापामुळे यमधर्म विदुररूपाने जन्मला. कुंतीचा ज्येष्ठ पुत्र धर्मापासून झाला. नियोगाच्या रूढीत धाकट्या दिराला स्थान होते. आणि आयुष्याच्या अखेरीस विदुर योगबलाने युधिष्ठिराच्या देहात प्रविष्ट झाला. अशा विखुरलेल्या सूचना त्यांनी एकत्र आणल्या. येथेही प्रश्न पितृत्वाचाच आहे आणि येथेही संहिता बोलता बोलता गप्प होते. कर्वे यांचा आधार चिकित्सक आवृत्तीचा होता, म्हणजे कोणत्या पाठावर आपण बोलत आहोत हे त्यांनी आधी निश्चित केले होते. आणि शक्यता मांडताना त्यांनी तिला प्रश्नाचेच रूप ठेवले. पाठ ठरविणे, सूचना एकत्र आणणे, विरुद्ध पुरावा मोजणे आणि प्रश्नचिन्ह न पुसणे, ही चार पावले जेथे पाळली जातात तेथे तर्क हा वाचनाचा प्रकार ठरतो, मग ती संहिता व्यासांची असो वा एखाद्या खेळसंस्थेची.

४

'युगान्त' प्रसिद्ध झाला त्याच १९६७ या वर्षी शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही कादंबरीही प्रसिद्ध झाली. कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि श्रीकृष्ण यांच्या निवेदनांतून ती कर्णाची कथा सांगते. रिकाम्या जागा भरण्याची ही दुसरी रीत होय. येथे वाचकाला प्रमाणाची अपेक्षा नसते; त्याला एका उपेक्षित पात्राच्या बाजूला उभे राहण्याची संधी हवी असते. मराठी वाचकाने दोन्ही ग्रंथ मनापासून स्वीकारले, आणि अनेकांनी एकाच घरात एकाच फळीवर ठेवले. दोन रीतींचा गोंधळ मात्र त्यातून काही प्रमाणात झालाच. कादंबरीतील कर्ण हाच महाभारतातील कर्ण असा समज घेऊन मूळ संहितेकडे जाणारा वाचक आजही भेटतो.

२६ जुलै २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'थ्री हाउसेस' या खेळाने हाच गोंधळ रचनेच्या केंद्रस्थानी आणला. खेळाडू येथे एका मठातील विद्यालयात गुरू होतो आणि तीन गटांपैकी एकाचे अध्यापन स्वीकारतो. साम्राज्याची वारस एडेलगार्ड, राज्याचा वारस दिमित्री आणि सरदारसंघाचा वारस क्लॉड हे या गटांचे प्रमुख आहेत. कथेत पुढे त्यांच्यात महायुद्ध पेटते. निवडलेल्या गटानुसार, व पहिल्या गटाच्या बाबतीत पुढील एका निर्णयानुसार, कथेचे चार मार्ग होतात. एका मार्गावर ज्यांना हाताला धरून शिकविले तेच विद्यार्थी दुसऱ्या मार्गावर रणात समोर उभे राहतात आणि त्यांना मारावे लागते. तिघांचा समेट घडविणारा पाचवा मार्ग या खेळात नाही.

या जगाचा इतिहासही मार्गागणिक बदलतो. मठाच्या धर्मपीठाने शिकविलेल्या इतिहासानुसार नेमेसिस या वीराला देवीकडून तलवार मिळाली व पुढे तो दुराचारी झाला. क्लॉडच्या मार्गावर धर्मपीठाची प्रमुखच वेगळी हकीकत सांगते : नेमेसिस लुटारू होता आणि ती तलवार देवीच्याच अस्थींपासून घडविलेली होती. एडेलगार्डला साम्राज्याच्या घराण्यातून मिळालेला वृत्तान्त तिसराच आहे, आणि तिच्या मार्गावर चालणाऱ्या खेळाडूला धर्मपीठाची कबुली ऐकावयास मिळत नाही. म्हणजे जो ज्या बाजूने लढतो त्याला त्या बाजूपुरताच पुरावा उपलब्ध होतो. इतिहासलेखनातील पक्षपाताची इतकी थेट रचना लोकप्रिय कथाप्रकारात क्वचितच आढळेल.

एडेलगार्ड मुक्तिदात्री की आक्रमक, हा वाद या खेळाच्या चाहत्यांत प्रदीर्घ काळ चालला आणि पुष्कळदा कडवट झाला. त्याचे कारण केवळ मतभेदात शोधता येत नाही. या खेळात एका गटाच्या सहवासात कित्येक तास जातात. विद्यार्थ्यांची हरवलेली वस्तू परत देणे, त्यांच्याबरोबर जेवणे, त्यांना कोणती विद्या द्यावी हे ठरविणे अशा लहान कृतींतून जिव्हाळा साचत जातो. कादंबरीत सहानुभूती लेखकाच्या शब्दांतून निर्माण होते. येथे ती खेळाडूच्या स्वतःच्या श्रमातून निर्माण होते, आणि श्रमातून आलेला पक्षपात स्वतःला पक्षपात म्हणून ओळखत नाही. चारही मार्ग खेळलेला वाचक आणि एकच मार्ग खेळलेला वाचक हे एकाच कृतीविषयी बोलत आहेत असे वाटते, पण त्यांच्यापुढील संहिता वेगळ्या असतात. ज्या चर्चांत 'तुम्ही कोणता मार्ग आधी खेळलात' हा प्रश्न पहिला विचारला जातो, त्या चर्चा अधिक फलदायी होतात. हा प्रश्न म्हणजे पाठचिकित्सेचे सामान्य खेळाडूने शोधलेले रूपच होय.

समेटाच्या मार्गाची चाहत्यांना वाटणारी ओढही येथेच समजून घ्यावी लागते. २०१५ मधील 'फेट्स' या खेळात दोन शत्रुराष्ट्रांच्या दोन कथांखेरीज दोघांना एकत्र आणणारी तिसरी कथा उपलब्ध होती. 'थ्री हाउसेस'मध्ये ती नाकारलेली आहे. उद्योगपर्वातील शिष्टाई यशस्वी झाली असती तर, किंवा कर्णाला आपले जन्मरहस्य वेळीच कळले असते तर, हे प्रश्न भारतीय श्रोत्याने पिढ्यान् पिढ्या विचारले आहेत. हे प्रश्न अर्थापत्तीचे नाहीत. संहिता येथे गप्प नाही. युद्ध झाले असे ती स्पष्ट सांगते. श्रोत्याला ते सहन होत नाही, म्हणून तो विचारतो. अशा तर्काला शोकाचे एक रूप म्हणणे योग्य ठरेल. त्याची सत्यता तपासण्यात अर्थ नाही. त्याचा आदर करावा, पण त्याला पुरावा मानू नये.

५

चाहत्यांच्या तर्काचा तिसरा प्रकार कथेच्या आतला नसून प्रकाशनाविषयीचा आहे. १९९० चा पहिला खेळ २००८ मध्ये नव्या रूपात आला, १९९४ चा तिसरा २०१० मध्ये आणि १९९२ चा दुसरा २०१७ मध्ये. यावरून आता १९९६ च्या 'जीनिऑलॉजी'ची पाळी, असे चाहते वर्षानुवर्षे म्हणत आले. हा तर्क अर्थापत्ती नव्हे. ते अनुमान आहे, आणि अनुमानाला व्याप्ती लागते. तीन उदाहरणांवरून बांधलेली व्याप्ती दुर्बळ असते. शिवाय ज्या क्षेत्राचे ते अनुमान आहे तेथे निर्णयाची कारणे कथेबाहेरची असतात. २०१२ मधील 'अवेकनिंग' अपेक्षेइतका विकला गेला नसता तर मालिका तेथेच थांबणार होती, असे निर्मात्यांनी नंतर सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये निन्टेन्डोने घोषणा केली ती 'फॉर्च्यून्स वीव्ह' या नव्या खेळाची. त्यासाठी २०२६ हे वर्ष सांगण्यात आले. त्या पहिल्या दर्शनाच्या अखेरीस 'थ्री हाउसेस'मधील सोथिस या देवीसारखी आकृती दिसली आणि चाहत्यांचा सारा तर्क एका दिवसात पुन्हा कथेच्या आत वळला. जग तेच आहे काय, काळ आधीचा की नंतरचा, हे प्रश्न विचारले जाऊ लागले. एका प्रतिमेवर उभा राहिलेला हा तर्क नवी संहिता हाती आल्यावर सिद्ध किंवा बाद होण्याजोगा होता, आणि हेच त्याचे आरोग्य होय.

तर्काचा निवाडा करणारा कोणीतरी पुढे उभा आहे, ही जाणीव क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथांच्या वाचकाला नेहमीच असते. चेन्नईतील 'कल्की' साप्ताहिकात १९५० ते १९५४ या काळात 'पोन्नियिन सेल्वन' ही चोळांच्या इतिहासावरील कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. युवराज आदित्य करिकालन याचा वध कोणी केला हे तिने संदिग्ध ठेवले. कथा संपल्यावर पात्रांचे पुढे काय झाले असे वाचकांनी विचारले, आणि लेखक कल्की यांनी समारोपात त्यांपैकी अनेकांची उत्तरे दिली. पात्रांच्या भवितव्याचे हे निवेदन आणि 'फायर एम्ब्लेम'मधील उपसंहार यांतील साम्य लक्षणीय आहे. दोन्ही ठिकाणी कथेचा शेवट वाचकाच्या कुतूहलाला पुरेसा ठरत नाही, हे रचनाकाराने मान्य केलेले आहे. कल्कींनी काही उत्तरे दिली आणि मध्यवर्ती संदिग्धता तशीच ठेवली. वाचकाच्या कोणत्या प्रश्नांना उत्तर द्यावे आणि कोणते प्रश्न त्याच्याकडेच राहू द्यावेत, हा विवेक त्यातून प्रकट होतो.

६

लेखक उत्तर देऊ शकतो, निर्माती संस्था पुढचा खेळ काढू शकते, चिकित्सक आवृत्ती एखादा श्लोक प्रक्षिप्त ठरवू शकते. जेथे यांपैकी कोणीच निवाडा करू शकत नाही, तेथे तर्काची खरी परीक्षा होते. या टप्प्यावर तंबू चेट्टी रस्त्याकडे पुन्हा वळावे लागते.

१६७७ च्या दक्षिण मोहिमेची चौकट सुस्थापित आहे. जिंजी त्याच वर्षी स्वराज्यात आली, वेलोरचा वेढा पुढे दीर्घकाळ चालला, आणि व्यंकोजीराजांची भेट झाली. सेंट जॉर्ज किल्ल्यातील ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात मे १६७७ मध्ये महाराजांचे पत्र आल्याची आणि त्यांनी मागितलेली औषधे व विषावरील उतारे पाठविण्याचा निर्णय झाल्याची नोंद आहे. मंदिराची परंपरा ऑक्टोबरातील भेटीबद्दल बोलते. दप्तरातील नोंद आणि परंपरेतील प्रसंग यांच्यामध्ये काही महिन्यांचे व पुष्कळ मौनाचे अंतर आहे. परंपरेतील वेषांतराचा तपशील विचार करण्यासारखा आहे, कारण वेषांतर करून आलेल्या माणसाची नोंद कोणी करीत नाही. ज्या घटनेचा पुरावा मिळणार नाही तिच्या पुरावा नसण्याची संगती कथेच्या आतच लावली जाते. 'अवेकनिंग'मध्ये मुखवटा घातलेला एक योद्धा स्वतःला मार्थ म्हणवितो. पुढे कथाच तो मुखवटा उतरविते आणि ती भविष्यातून आलेली ल्यूसिना असल्याचे सांगते. इतिहासात मुखवटा उतरविणारा रचनाकार नसतो.

म्हणून परंपरा टाकाऊ ठरते असे नव्हे. मराठी माणूस त्या देवळाच्या पायरीवर उभा राहतो तेव्हा त्याला जे जाणवते ते श्रद्धेच्या व स्मृतीच्या क्षेत्रातील सत्य आहे, आणि परभाषिक शहरातील एका गजबजलेल्या रस्त्यावर ते जपले गेले याचे मोल मोठे आहे. परंतु त्या जाणिवेचे 'सिद्ध झाले' या शब्दांत रूपांतर झाले, की 'मृत्युंजय'मधील कर्णाला महाभारतातील कर्ण मानणाऱ्या वाचकाची आणि आपल्या पाठातील रॉयची आई सर्वांवर लादणाऱ्या खेळाडूची चूक पुन्हा घडते. तिन्ही ठिकाणी चुकीचे मूळ प्रेमात आहे, अज्ञानात नव्हे. आणि म्हणूनच ती दुरुस्त करणे अवघड असते. इतिहासाच्या बाबतीत तिची किंमतही अधिक असते. खेळाविषयीचा चुकीचा तर्क पुढच्या खेळाने विरून जातो. भूतकाळाविषयीचा चुकीचा तर्क पुरेशा वेळा उच्चारला गेला, की तोच पुढच्या पिढीपुढे पुरावा म्हणून येतो.

चाहत्यांच्या तर्काला आजवर बहुतांशी करमणुकीचे शेपूट मानले गेले. वरील विवेचनावरून त्यात किमान तीन भिन्न व्यापार दिसतात : अपुऱ्या संहितेची संगती लावणारी अर्थापत्ती, न सोसवणाऱ्या शेवटावरचा शोक, आणि पुढे काय येणार याचे अनुमान. यांतील प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे. पहिल्याला संहितेची, दुसऱ्याला सहृदयतेची आणि तिसऱ्याला काळाची कसोटी लागते. तौलनिक साहित्याभ्यासाने या तिन्हींचा भेद स्पष्ट केला, तर त्याचा उपयोग खेळांच्या अभ्यासापुरता मर्यादित राहणार नाही. पाठ निश्चित करणे, सूचना जमविणे, विरुद्ध पुरावा मोजणे आणि प्रश्नचिन्ह राखणे हे व्रत 'युगान्त'च्या लेखिकेने महाकाव्यासमोर पाळले, आणि कित्येक अनाम खेळाडू ते एका काल्पनिक आईच्या शोधात आजही पाळतात. ज्या भूतकाळाचा उत्तरभाग कधीच प्रसिद्ध होणार नाही, त्याच्यासमोर तर ते अधिकच काटेकोरपणे पाळावे लागते.